मूकपटांच्या काळातला ऑर्गनवाला

घरूनच काम होतं आज. एक्सेल भरता भरता यूट्यूबवर संगीतकार आल्बर्ट केटेल्बी लावला आणि एक्सेल राहिलं बाजूला.

हा माणूस बर्मिंगहॅमचा, जन्म १८७५चा. सोळाव्या वर्षी विंबल्डनच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला लागला. पुढे लंडनची नाटकं, कोलंबिया रेकॉर्ड कंपनी, मूकपटांसाठीचं संगीत... मिळेल ते काम केलं. मला हे फार आवडतं.

'इन अ पर्शियन मार्केट' (१९२०) ही त्याची वाद्यवृंदाची रचना तर अख्खा खेळच आहे. लांबून उंटांचा तांडा येतो, मग वादकच भिकारी होऊन 'बक्षीस, बक्षीस' असं ओरडायला लागतात! लगेच राजकन्येची एवढी हळवी धून येते की वाटतं, हा मघाचाच गोंगाट का? पुढे कसरती करणारे, गारुडी, खलिफाची स्वारी. आईने दारातून डोकावून विचारलं, "सर्कस लावलीयेस का?" काही चुकलं नाही तिचं. खरा इराण यात शोधू नये, हा लंडनच्या रंगमंचावरचा, पडद्यावर रंगवलेला इराण आहे. जाणकारांनी नाकं मुरडली, पण लोकांनी डोक्यावर घेतलं.

१९५९ला आइल ऑफ वाइट या इंग्लंडच्या बेटावर केटेल्बी वारला, तोवर त्याची फॅशन कधीच संपली होती.

ऐकायचं असेल तर आधी १९१५चं 'इन अ मोनास्टरी गार्डन' ऐका. पक्ष्यांची शीळ, भिक्षूंचं गाणं, घंटा. आणि हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर सगळा चिवचिवाटच होतो.