मलाकलची काळी माती आणि घरचं सोयाबीन

मलाकल हे दक्षिण सुदानात पांढऱ्या नाईलच्या काठावरचं गाव. संयुक्त राष्ट्रांच्या इथल्या शांतता मोहिमेत (स्थापना जुलै २०११) भारतीय पलटणी इथे आणि दक्षिणेला बोरला असतात. परभणी-हिंगोलीकडच्या जवानाला इथे सगळं परकं, पण जमीन ओळखीची. तीच काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी, पाऊस पडला की फुगून चाकाला लोळे धरणारी. मेपासून ऑक्टोबरपर्यंत रस्ते बंद. शिधा, डिझेल, सुटे भाग नदीतून बार्जने किंवा विमानाने येतात. म्हणजे आपल्याकडे पेरणीपासून काढणीपर्यंतची जी धावपळ, नेमक्या त्याच महिन्यांत हा माणूस चिखलात अडकलेला. 'सोयाबीनला चार दिवस येऊन जा' हे जमत नाही ते एवढ्यासाठी.

राहायला कंटेनरच्या खोल्या, भोवती वाळूच्या पोत्यांची भिंत, पाळीपाळीने पहारा. जेवणाची आबाळ नाही. संयुक्त राष्ट्रांचा शिधा माणशी दिवसाला ४,५०० कॅलरीच्या हिशेबाने येतो. लंगरात डाळ, भात, पोळी, गोठवलेलं मांस असतं. ताजी भाजी मात्र विमानाच्या भरवशावर. गंमत अशी की ज्वारी हे इथल्या लोकांचं मुख्य अन्न, पण शिधा ठेक्याने बाहेरून येतो, त्यामुळे भाकरी काही ताटात पडत नाही. येसर आणि शेंगदाण्याची चटणी सोबत न्यावी. घट्ट बंद डब्यात, नाहीतर दमट हवेत बुरशी धरते.

खरा शत्रू डास. इथला मलेरिया बहुतेक फाल्सिपॅरम जातीचा, मेंदूवर जाणारा. प्रतिबंधाला डॉक्सिसायक्लिनची १०० मिलिग्रॅमची गोळी रोज घेतात. ती जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा तास आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिका भाजल्यासारखी होते. दुधासोबत घेतली तर औषध नीट शोषलं जात नाही. या गोळीने ऊन जास्त लागतं, म्हणून पूर्ण बाह्या. दुसरा त्रास सँडफ्लायचा. डासाहून बारीक, साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून आत शिरणारी ही माशी काळा आजार पसरवते. तिचा मुक्काम काळ्या मातीच्या भेगांत आणि बाभूळ-हिंगणबेटाच्या रानात. आपल्याकडेही हीच झाडं बांधावर असतात, म्हणून जवान बिनधास्त त्यांच्या सावलीला बसतो, तेवढं टाळावं. मच्छरदाणी कीटकनाशकात भिजवलेलीच हवी.

फोनचं गणित घरच्यांनी समजून घ्यावं. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. आपल्याकडे रात्रीचे ९ म्हणजे तिथे संध्याकाळचे साडेपाच. लांबच्या गस्तीवर तीन-चार दिवस फोन लागतच नाही, आणि कुठे जाणार हे तो सांगणार नाही, सांगूही नये. अशा वेळी घरात कुणीतरी इंटरनेट चाळतं आणि २०१३ सापडतं: ९ एप्रिलला गुमुरुकजवळ ५ भारतीय जवान मारले गेले, १९ डिसेंबरला अकोबोत आणखी २. हे खरं आहे. पण फोन न लागण्याचं रोजचं कारण गस्त किंवा बंद पडलेलं नेटवर्क असतं. पलटणीच्या मागे राहिलेल्या तुकडीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. अनोळखी माणसाने 'अपघात झालाय, पैसे पाठवा' म्हटलं तर आधी तिथेच विचारा.

पैशाबद्दल गावात फार गैरसमज आहेत. संयुक्त राष्ट्रं एका जवानामागे महिन्याला जी रक्कम मोजतात (जुलै २०१८ पासून १,४२८ डॉलर, पुढे थोडी वाढ), ती सरकारकडे जाते. जवानाला त्याचा नेहमीचा पगार आणि सरकारी दराने परदेश भत्ता. संयुक्त राष्ट्रांकडून थेट हातात येणारा रोजचा भत्ता १.२८ डॉलर. उसने मागणाऱ्या भावकीला एवढं सांगितलं तरी पुरे.

निघण्याआधीची कागदपत्रं हा खरा कळीचा भाग, आणि इथेच बहुतेक जण आळस करतात. लग्न, मूल, पत्ता यांतला प्रत्येक बदल पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सैन्याच्या अधिकृत नोंदीत, चढला पाहिजे. बायकोचं नाव आधार कार्डावर आहे, पण सैन्याच्या नोंदीत नाही, असं असलं की पुढे पेन्शनपर्यंत हेलपाटे. बँक खातं दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असं संयुक्त करा. ओटीपी परदेशात येईलच असं नाही, तेव्हा शेतीच्या आणि विम्याच्या नोंदींना घरी चालू असलेला नंबर द्या. ई-पीक पाहणी दुसऱ्याच्या मोबाइलवरूनही होते, फक्त शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो. जमीन बटईने दिली असेल तर एका हंगामापुरतं लिहून घ्या. 'लिहिलं की कूळ लागतं' ही जुनी भीती आपल्याकडे घट्ट आहे, पण तोंडी व्यवहारातच भांडणं जास्त होतात.

बांधाचा वाद कोर्टात असेल तर १९२५ चा भारतीय सैनिक (खटले) कायदा माहीत हवा. युद्धपरिस्थितीत किंवा समुद्रापार नोकरीवर असलेल्या सैनिकाविरुद्धचा दावा कमांडिंग अधिकाऱ्याच्या दाखल्यावर तहकूब होऊ शकतो, आणि तो काळ मुदतीतून वगळला जातो. हे संरक्षण मुख्यतः त्याच्या वतीने अधिकृत माणूस हजर नसतो तेव्हासाठी आहे. म्हणून, ते टिकावं यासाठी, सरसकट कुलमुखत्यारपत्र भावाच्या हाती देऊ नका, ठरावीक कामापुरतंच द्या. अर्जासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं, तलाठ्याकडे खेटे घालून हे होत नाही.

फोनवर शेताचं बोलताना 'पाऊस झाला का' विचारण्यापेक्षा 'किती मिलिमीटर' विचारावं. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये. घरचं बियाणं असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो, कमी उगवले तर त्या प्रमाणात वाढवा. दुबार पेरणीचा निम्मा ताण या चाचणीने टळतो, आणि तिथे पहाऱ्यावरून परतलेल्या माणसालाही तेवढीच शांत झोप लागते.

परत आल्यावर डॉक्सिसायक्लिन आणखी ४ आठवडे चालू ठेवायची. घरी आलोय म्हणून सोडली आणि ताप आला, तर गावातला डॉक्टर व्हायरल समजून दोन दिवस घालवतो. दवाखान्यात पहिलं वाक्य 'आफ्रिकेतून आलेत' हेच असावं, आणि रक्ताची मलेरिया तपासणी त्याच दिवशी. पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. ते नसलं तर विमानतळावरून थेट ६ दिवस विलगीकरणात बसवतात.