मेथीच्या दोन जुड्या

बुधवार, रात्री साडेदहा

आज नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात घडले ते एवढेसेच होते, पण जेवणे होऊन भांडी आवरली तरी मनातून जात नाही. मेथीच्या ढिगापाशी उभी राहून मी म्हणाले, "मावशी, मला दोन जुड्या हव्या आहेत." जुडीवरचे पाणी झटकणारा मावशींचा हात थांबला. "हव्यात का नको, ते मला काय इचारता ताई? तुम्हीच सांगा ना." शेजारचा कोथिंबीरवाला हसला. मीही हसले, पैसे दिले, पिशवी उचलली. होळकर पुलापर्यंत येईतो मात्र डोळे भरून आले होते.

मी विचारले नव्हते, सांगितले होते. स्कॉटलंडच्या ग्लासगोत साध्या विधानाचाही सूर शेवटी प्रश्नासारखा वर चढतो, आणि तिथल्या चार वर्षांत तो चढ माझ्या मराठीत कधी शिरला, हे मला कोणी सांगितले नाही. ज्यांनी हटकून सांगितले असते, त्यांचा फोन आता येत नाही. असो.

राग याचा येतो की तो हेल मी हौसेने उचललेला नाही. पहिल्या हिवाळ्यात एकदा कामावरून लवकर निघाले, तेव्हा सहकारिणीने "हाऊ?" असे विचारले आणि मी सरळ "बसने" असे उत्तर दिले, तिथे 'हाऊ' हा शब्द 'का' या अर्थानेही वापरतात, हे ती हसून हसून दमल्यावर कळले. शेजारच्या आजी 'मेसेजेस' आणायला जाते म्हणत, तेव्हा त्यांना निरोप कोण देत असेल याचा मी कितीतरी दिवस विचार करत होते, आणि त्या बिचाऱ्या वाणसामान आणायला निघालेल्या असत. दिलासा एकच मिळाला: 'कुठे राहता' यासाठी आपण म्हणतो ते 'व्हेअर डू यू स्टे', ज्यावर शाळेत बाईंनी तांबडी रेघ ओढली होती, ते तिथे सर्रास बोलतात.

तिथे तोंड उघडताच 'मूळची कुठली' असे विचारतात, ते मी केव्हाच मान्य केले आहे. पण जिच्या काठावर लहानाची मोठी झाले, त्या गंगेवर माझे वाक्य कोणाला कळू नये? तिथे मी इथली आणि इथे मी तिथली, मग माझी जीभ नेमकी कोणत्या गावची म्हणायची?

हेच सगळे, थोडे रडवेले करून, मेथी निवडता निवडता आईला सांगितले. तिने मान वर केली नाही. "सटाण्याहून लग्न होऊन इथं आले, तेव्हा 'आहे'च्या जागी 'शे' निघालं की जावा पदर तोंडाला लावायच्या. दोन महिने मी नुसती मान हलवून संसार केला." तेवढ्यात मामाचा फोन आला आणि "पोर उनी शे" म्हणताना तिचा आवाज असा मोकळा झाला, की पन्नास वर्षे तिने ही अहिराणी भाषा कुठल्या डब्यात झाकून ठेवली होती, असे मला वाटून गेले. विचारायचे होते, राहिले.

फोन ठेवून तिने पिशवी उलटी केली, तर जुड्या तीन निघाल्या. पैसे मी दोनचेच दिले होते, हे मला पक्के आठवते. आईला तसे सांगितले, तर ती म्हणाली, "मला काय विचारतेस?"