तोरणमाळची खोली आणि डिकीतली बडगी

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला हे म्हणाले, "उदयपूरला जाऊ या, तळ्याकाठच्या हॉटेलात." मी म्हटलं, तळंच हवंय ना? मग सातपुड्यातल्या तोरणमाळला चला, थंड हवेच्या ठिकाणी.

डिसेंबर होता. शहाद्यात चहा घेतला, सातपायरी घाट चढलो. उंची सुमारे ११५० मीटर. खोली साधीच, पण खिडकी उघडली की यशवंत तलाव, आणि सकाळी त्यावरून धुकं सरकताना दिसायचं. चादरी कोऱ्या करकरीत, पाणी कढत. मला ऐष म्हणजे एवढंच लागतं.

जेवणाची सोय मात्र मी जळगावहूनच नेली होती: बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्या आणि सासूबाईंची बडगी, म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी भांडं. तिथल्या स्वयंपाकीदादांनी अंगणात काड्या पेटवल्या. वांगी भाजून निघाली, हिरव्या मिरच्या-लसणासोबत बडगीत ठेचली, वरून कांद्याची पात आणि तेलात तळलेले शेंगदाणे. सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. काड्यांच्या धुराचा तो वास गॅसवर भाजलेल्या वांग्याला येत नाही, कितीही महागडं हॉटेल असो.

दुसऱ्या दिवशी सीताखाईच्या काठावर बसलो. खाली बघवत नाही इतकी खोल. ह्यांनी माझा हात धरला होता, बराच वेळ.