९५, ८१ आणि अंतरपाट

शेजारचा पोरगा या हंगामापासून लग्नाची कामं घेतोय. परवा संध्याकाळी आला. जुनी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घ्यायची होती आणि निकॉन डी८०० की कॅनन ५डी मार्क थ्री, यात त्याचं अडलं होतं. म्हणाला, "दादा, कॅमेऱ्यांना गुण देणाऱ्या डीएक्सओमार्क या साइटवर निकॉनला ९५ आहेत, कॅननला ८१. मग विचार कसला करायचा?"

दोन्ही बॉड्या २०१२ च्या. दोन्हींवर मी कामं केली आहेत, त्यामुळे त्याला चहा दिला आणि बसवूनच घेतलं.

ते आकडे खोटे नाहीत. फ्रान्सच्या लॅबमध्ये रॉ फाइलवरून, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलवरून, मोजलेले आहेत. पण फोड करून बघावी लागते. तीन मापं असतात, त्यांना नावं दिलीत पोर्ट्रेट, लँडस्केप आणि स्पोर्ट्स. पोर्ट्रेटचा आकडा मोठा म्हणजे नवरीचा रंग छान येणार, असं पुष्कळांना वाटतं. त्या आकड्यात फक्त एवढंच कळतं, की नॉइजमध्ये, म्हणजे फोटोतल्या दाण्यांत, बुडायच्या आत रंगांच्या किती छटा वेगळ्या राहतात. हळदीला मंडप पिवळा, साडी पिवळी, गालावर ओली हळद. हे तिन्ही पिवळे वेगळे दिसायला हवेत आणि पोरीला कावीळ झाल्यासारखंही वाटता कामा नये. ते काम व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे उजेड कुठलाही असो, पांढरा पांढराच दिसेल असं लावण्याचं. मी अजूनही नवरीच्या चेहऱ्याजवळ राखाडी कार्ड धरून तो हाताने लावतो.

आता या दोघींतला फरक. कमी उजेडाच्या मापात, म्हणजे स्पोर्ट्समध्ये, निकॉन २८५३ आणि कॅनन २२९३, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). खरी दरी डायनॅमिक रेंजमध्ये, म्हणजे लँडस्केपच्या मापात आहे. गडद सावलीपासून लख्ख उजेडापर्यंत एका फोटोत किती स्टॉप मावतात, ते हे माप: १४.४ आणि ११.७. पण ती आयएसओ १०० ची; आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, अंधारात ती वाढवावी लागते. आयएसओ वाढवत नेला की दरी बुजत जाते, आणि १६०० च्या पुढे दोघी जवळपास सारख्याच.

आणि आमचं काम कुठे चालतं? गोरज मुहूर्त, मंडपात एलईडीच्या माळा, आयएसओ ३२००. शेवटचं 'सावधान' झालं की वाजंत्री सुरू होते, अंतरपाट बाजूला जातो आणि दोघं एकमेकांकडे बघतात. सेकंदभरच. तेवढ्यात चारी बाजूंनी अक्षता येतात. फोकस डोळ्यांवरून सुटून हवेतल्या तांदळावर बसला की तो फोटो गेला, परत मिळत नाही. तिथे मला ५डीचा ६१ पॉइंटचा फोकस आणि सेकंदाला ६ फ्रेम जवळच्या वाटतात; डी८०० पूर्ण फ्रेममध्ये ४ देते. एका लग्नात मी शटर १/५०० सेकंद ठेवला आणि शालूवर आडवे काळे पट्टे आले. आपली वीज ५० हर्ट्झची, हलके एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. तेव्हापासून मंडपात १/१००.

तरी त्या ९५ चं मोल मला एका दुपारी कळलं. कोल्हापूरजवळच्या एका गावात अंगणात रणरणतं ऊन होतं आणि सोप्यातल्या अंधारात आजी रुखवताचे लाडू मोजत बसलेली. हातात डी८००, आयएसओ १००. ऊन जळू नये म्हणून एक्स्पोजर अंगणाचं घेतलं, त्यात आजी काळी पडली. घरी येऊन सावल्या तीन स्टॉप उचलल्या. आधी पितळी परातीची कड दिसली, मग लाडवांवरचे बेदाणे, मग हिरवा चुडा आणि लाडवावर टेकलेलं बोट. त्या घराने तो फोटो अल्बममध्ये १२ बाय ३६ च्या अख्ख्या पानावर घेतला. ११.७ मधून तो इतका स्वच्छ निघाला नसता.

"मग घेऊ कुठली?" पोराने विचारलं.

"आधी सांग, लेन्स कुठली आहे?"

किटबरोबर आलेली. झूम केलं की एफ ५.६, म्हणजे लेन्सचं तोंड बारीक आणि उजेड कमी. म्हटलं, बाळा, बॉडीत तू तृतीयांश स्टॉप शोधतोयस आणि लेन्सवर दोन स्टॉप सांडतायत. पैसे आधी एफ २.८ च्या लेन्समध्ये घाल. बॉडी त्यानंतर, आणि तुझी कामं संध्याकाळचीच असतील तर ८१ वाली बिनधास्त घे.

रविवारी एक गोरज आहे. माझी ५डी आणि ७०-२०० ची लेन्स त्याच्या गळ्यात अडकवून त्याला अंतरपाटासमोर उभा करणार आहे.