डेंटल स्कूलची फी, अमेरिकन नेव्ही आणि आमचा सातबारा

अमेरिकेत डेंटल स्कूलला जायची तयारी करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांचे फोन मला हल्ली वरचेवर येतात. कारण उघड आहे. १ जुलै २०२६ पासून नव्यानं कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद होतंय, आणि मेडिकल-डेंटलसारख्या अभ्यासक्रमांना सरकारकडून वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलरपुरतंच कर्ज मिळणार आहे. खासगी डेंटल स्कूलचा चार वर्षांचा खर्च राहणं-खाणं धरून पाच लाखांच्या घरात जातो. वरचे पैसे आणायचे कुठून? मग कुणीतरी सांगतं, न्यू जर्सीतल्या एडिसनमधली अमक्यांची मुलगी नेव्हीच्या पैशावर शिकतेय, तिला विचारा.

ती मुलगी मी. आता तिसऱ्या वर्षाला आहे. प्रत्येकाला फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

योजनेचं नाव हेल्थ प्रोफेशन्स स्कॉलरशिप प्रोग्रॅम. बोलताना सगळे एचपीएसपीच म्हणतात. १९७२ च्या कायद्यानं ती सुरू झाली. सक्तीची लष्करभरती संपत आली होती आणि डॉक्टर, दंतवैद्य आपणहून यावेत यासाठी काहीतरी द्यायला हवं होतं. आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स तिघंही आपापली स्कॉलरशिप देतात. मरीन्स या चौथ्या दलाकडे स्वतःचे दंतवैद्य नसतात, त्यांचे दात नेव्हीच बघते. मिळतं ते असं: पूर्ण फी, पुस्तकं आणि लागणारी उपकरणं, आरोग्य विमा, दरमहा अडीच हजार डॉलरहून जास्त स्टायपेंड. चार वर्षांची स्कॉलरशिप घेतली म्हणून मला सुरुवातीला २० हजार डॉलरचा बोनसही मिळाला. स्टायपेंड आणि बोनसवर कर लागतो, फीवर नाही. वर्षातले ४५ दिवस प्रशिक्षणाचे, तेव्हा अधिकाऱ्याचा पगार. आणि द्यायचं ते असं: जितकी वर्षं पैसे घेतले तितकी वर्षं पूर्णवेळ नोकरी, कमीत कमी तीन. राखीव दलातला काळ धरून बांधिलकी एकूण आठ वर्षांची.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायचे कष्ट वाचतील. अमेरिकन नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्ड चालत नाही.

हिशेबाबद्दल लोक फार विचारतात, पण तो तितका अवघड नाही. नोकरीची वर्षं कुठल्याही कॉलेजसाठी तेवढीच असतात. त्यामुळे फी जितकी जास्त तितकी स्कॉलरशिप मोलाची. रटगर्सच्या नेवार्कमधल्या डेंटल स्कूलमध्ये न्यू जर्सीच्या रहिवाशांना फीत सवलत असते. तिथे शिकणाऱ्यानं चार वर्षं देणं आणि शेजारच्या राज्यातल्या खासगी कॉलेजात माझ्यासारखीनं चार वर्षं देणं, यात पैशाच्या दृष्टीनं बराच फरक आहे. माझ्या प्रवेशाच्या वर्षी, म्हणजे २०२३-२४ मध्ये, ग्रॅड प्लसचा व्याजदर ८.०५ टक्के होता. बाबांनी त्याचा तक्ता करून फ्रिजवर लावला होता. तो बघून माझ्या पोटात गोळा यायचा, हे खरं. पण खासगी दवाखान्यात मन लावून काम करणारा दंतवैद्य हे कर्ज फेडू शकतो, आणि त्याची कमाई नेव्हीच्या लेफ्टनंटपेक्षा पुष्कळदा जास्तच असते. मला गणवेशातलं काम हवं होतं म्हणून मी गेले. ज्यांना ते नको आहे त्यांना मी फोनवरही स्पष्ट सांगते की नका जाऊ.

घरी बोलणं काढलं तेव्हा बाबा गप्प झाले. आई म्हणाली, "आम्ही तर नागरिकत्व घेताना हात वर करून म्हटलंच होतं, कायद्यानं सांगितलं तर शस्त्र हाती घेऊ म्हणून." खरंच, त्या शपथेत ते वाक्य आहे. मी तेव्हा अठराच्या आतली, म्हणून मला आईबाबांबरोबर आपोआप नागरिकत्व मिळालं. मी कधी शपथ घेतलीच नव्हती. (अशा मुलांनी एक लक्षात ठेवा. पासपोर्ट असला तरी नागरिकत्वाचा स्वतंत्र दाखला मागितला जाऊ शकतो. तो एन-६०० अर्ज करून मिळवावा लागतो, फी हजार डॉलरच्या वर आहे आणि वेळ लागतो.) तासगावजवळच्या आमच्या गावी फोन लावला तेव्हा आजी म्हणाली, "दातांची डॉक्टर व्हायचंय न्हवं तुला? मग बंदूक कशाला?" आजीला पटवायला मामेभाऊच कामी आला. तो मराठा लाईट इन्फंट्रीत आहे. त्यानं तिला सांगितलं की लष्करातही दात दुखतात.

ओसीआयचं, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणाऱ्या कार्डाचं, मात्र फार कमी लोकांना ठाऊक असतं. भारत सरकारच्या नियमानुसार परदेशी लष्करात सेवेत असलेली किंवा निवृत्त झालेली व्यक्ती ओसीआय कार्डाला पात्र नाही. म्हणजे आजीला भेटायला जायचं तर कार्डावर नाही, व्हिसा काढून. नेव्हीत आल्यावर परदेशप्रवास आधी वरिष्ठांना कळवावा लागतो, तेही आलंच. पैशाचा तक्ता आम्ही एका संध्याकाळीत मिटवला. या मुद्द्यावर मात्र बरेच दिवस बोललो, रडलोसुद्धा. हे सही करण्याआधी घरात बोलून घ्या. सही झाल्यावर कळलं तर माणूस हादरतो.

अर्जाला सुरुवात योग्य रिक्रूटर शोधण्यापासून होते. मॉलशेजारच्या भरती केंद्रात बसलेली माणसं शिपाई-खलाशी भरती करतात. डेंटलचं त्यांना बहुधा माहीत नसतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांची भरती बघणारा वेगळा असतो, त्यालाच गाठायचं. डॅट या डेंटल प्रवेशपरीक्षेचे गुण, कॉलेजच्या गुणपत्रिका, शिफारसपत्रं, आपल्याला हे का करायचंय त्याचं निवेदन, असा सगळा गठ्ठा तयार होतो. नेव्हीत त्याला किट म्हणतात. हे सगळं डेंटल स्कूलच्या अर्जांबरोबरच चालतं. तिथले प्रवेश डिसेंबरच्या मध्यापासून जाहीर होतात, आणि हातात प्रवेश असल्याशिवाय स्कॉलरशिप पक्की होत नाही. त्यामुळे अर्ज उन्हाळ्यातच सुरू केलेला बरा.

खरा घाम फुटला तो एसएफ-८६ भरताना. सुरक्षा चौकशीचा हा अर्ज. दहा वर्षांत कुठे राहिलात, त्या पत्त्यावर तुम्हाला कोण ओळखत होतं, कुठे शिकलात, कुठे काम केलंत. इथवर ठीक. मग येतात नातेवाईक. आईचं माहेरचं नाव विचारतात. आमच्या घरात लग्नानंतर नुसतं आडनाव बदलत नाही. आईचं पाळण्यातलं नावही बदललं होतं, आणि तिचा जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट यांवर दोन वेगळ्या बायका दिसत होत्या. लग्नाची नोंद असलेला कागद सांगलीहून मागवला, तेव्हा त्या दोघी एक झाल्या.

त्यानंतर परदेशातले लोक, ज्यांच्याशी गेल्या सात वर्षांत तुमचे जवळचे आणि सततचे संबंध आहेत ते. आता सांगा, आपल्याकडे जवळचे म्हणजे किती? आजी, दोन काका, आत्या, मामा, मावशी, त्यांची मुलं, आणि घरातलीच झालेली शेजारची काकू. प्रत्येकाची जन्मतारीख, जन्मगाव, पत्ता, नोकरी, तुम्ही किती वेळा बोलता, कशावर बोलता. मी व्हॉट्सअॅप उघडून एकेकाचं नाव घेत बसले होते. मोठे काका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, म्हणजे सरकारी नोकर; ते लिहायचं. मामेभाऊ भारतीय लष्करात. ते तर ठळक लिहायचं. आजीचा जन्मदिवस कुणालाच ठाऊक नाही. आधार कार्डावर १ जून. मोठ्या काकांचाही १ जून. आत्याचाही. ज्यांची तारीख माहीत नव्हती त्यांना शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकला, ही आपल्याकडची जुनी रीत आहे, पण वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या माणसाला एकाच घरातले तिघं एकाच दिवशी जन्मलेले दिसतात. अर्जात तारखेपुढे 'अंदाजे' अशी खूण करायची सोय असते. ती केली आणि खाली शेरा लिहिला. पुढे चौकशी अधिकाऱ्यानं नेमकं हेच विचारलं. मी गुरुजींची गोष्ट सांगितली, तो लिहून घेत राहिला, आणि पुढच्या प्रश्नावर गेला.

आणि जमीन. परदेशात तुमची मालमत्ता आहे का, किंवा पुढे होईल अशी अपेक्षा आहे का, असा प्रश्न आहे. आजोबांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारस म्हणून बाबा आणि त्यांच्या भावंडांची नावं लागलीत. माझं नाव नाही. पण २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, तेव्हा 'अपेक्षा नाही' असं मी कुठल्या तोंडानं लिहिणार? काकांनी उतारा पाठवला. हेक्टर-आरचे एकर केले, रेडीरेकनरच्या दरानं किंमत काढली, तिचे डॉलर केले आणि लिहिलं: द्राक्षबाग, सामाईक, वाटणी झालेली नाही. एका ओळखीच्यांनी मला सल्ला दिला होता की कशाला गावच्या जमिनीचं सांगतेस, कोण बघायला जातंय. हा सल्ला ऐकू नका. गावाकडे जमीन आहे, भाऊ फौजेत आहे, यानं कुणी नाकारत नाही. लपवलेलं सापडलं तर मात्र विषय संपतो.

वैद्यकीय तपासणी मेप्स नावाच्या केंद्रात होते. पहाटे जायचं, सोबत अठरा-एकोणीस वर्षांची भरतीला आलेली मुलं. रक्त, लघवी, रंगांच्या ठिपक्यांतले आकडे ओळखणं, कानांवर हेडफोन लावून बंद खोलीत बसणं. मग एका ओळीत उकिडवं बसून बदकासारखं चालायचं, गुडघे आणि कंबर बघायला. हे सगळं सुरळीत झालं. अडकलं ते डाव्या दंडावरच्या बीसीजीच्या व्रणावर. मी अकराव्या वर्षी इथल्या शाळेत दाखल झाले तेव्हा क्षयाची मँटू चाचणी झाली होती. बीसीजी घेतलेल्यांना येते तशी हातावर गाठ आली. एक्स-रे स्वच्छ होता, पण 'पॉझिटिव्ह' ही नोंद राहिली. सुप्त क्षय असेल तर उपचार पूर्ण झाल्याचे कागद लागतात. माझ्या लहानपणीच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद झालेला, कागद कुणाकडेच नाहीत. शेवटी क्वांटिफेरॉन ही रक्तचाचणी केली. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती निगेटिव्ह आली, छातीच्या डॉक्टरांचं पत्र जोडलं, फाईल नेव्हीच्या वैद्यकीय विभागाकडे गेली आणि तिथून मंजूर होऊन आली. मधल्या काळात डेंटल स्कूलची अनामत भरायची तारीख जवळ येत होती; मी रोज सकाळी उठून आधी ईमेल बघायचे. भारतात जन्मलेल्या प्रत्येकानं ही रक्तचाचणी मेप्सच्या आधीच करून घ्यावी, असं मी आग्रहानं सांगते.

मुलाखत डेंटल कोअरच्या, म्हणजे नेव्हीच्या दंतवैद्यांच्या दलातल्या, एका ज्येष्ठ अधिकाऱ्यानं घेतली, आणि या सगळ्या प्रवासातला तो तास मला सर्वांत आवडला. त्यांनी मला दातांची वर्गवारी समजावली. प्रत्येक सैनिकाचे दात चार वर्गांत बसवतात. पहिला, काही करायची गरज नाही. दुसरा, उपचार हवेत पण वर्षभरात दुखणं उद्भवणार नाही. तिसरा, बारा महिन्यांत ठणका लागण्याची दाट शक्यता. असा माणूस मोहिमेवर पाठवत नाहीत. चौथा, ज्याची तपासणीच राहिलीय. "पाणबुडीवर दंतवैद्य नसतो," ते म्हणाले. "समुद्राखाली महिनोन्महिने असलेल्या खलाशाची दाढ ठणकली, तर ती तू बंदरात असताना नीट पाहिली नव्हतीस." विमानवाहू जहाजावर हजारो माणसं असतात म्हणून तिथे अख्खा दंतविभाग असतो. नेव्हीचा डेंटल कोअर १९१२ मध्ये स्थापन झाला, आर्मीचा त्याच्या आदल्या वर्षी. मग त्यांनी बेन सॅलोमनबद्दल सांगितलं. हा आर्मीचा दंतवैद्य. १९४४ च्या जुलैत सायपान बेटावर जखमींच्या तंबूवर हल्ला झाला, तेव्हा जखमींना मागे हलवता यावं म्हणून तो मशीनगनवर बसला आणि तिथेच मेला. त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं ते थेट २००२ मध्ये. "तुला का यायचंय?" या प्रश्नाचं पाठ केलेलं उत्तर मग मी दिलंच नाही. पाणबुडीतल्या त्या दाढेबद्दल बोलले.

निवडीचं पत्र आलं. शपथ त्याच अधिकाऱ्यांनी दिली. कुठलाही कमिशन्ड अधिकारी देऊ शकतो. आईबाबा दोन बाजूंना उभे होते, काका आणि आजी व्हिडिओ कॉलवर. मी एन्साइन, म्हणजे नेव्हीतली सर्वांत कनिष्ठ अधिकारी, झाले. पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला ऑफिसर डेव्हलपमेंट स्कूलचे पाच आठवडे झाले. बरोबर डॉक्टर, नर्सेस, वकील. कवायत, पहाटेचा व्यायाम, आग विझवणं, आणि 'बटरकप' नावाच्या जहाजासारख्या खोलीत फुटलेल्या पाइपांतून पाणी येत असताना भोकं बुजवणं. गळ्यापर्यंत भिजून पाचर ठोकताना मला फार छान वाटलं होतं.

पुढच्या वर्षी पदवी, मग लेफ्टनंट. त्याआधी जनरल डेंटिस्ट्रीच्या एक वर्षाच्या नेव्ही रेसिडेन्सीसाठी अर्ज करायचाय. ते वर्ष चार वर्षांच्या हिशेबात धरत नाहीत, तरी मला ते हवंय, कारण दाढ काढायचा आणि रूट कॅनालचा हात तिथे बसतो. नेमणुकीच्या पसंतीत मी मरीन्सचा कॅम्प लेजून हा तळ सर्वांत वर लिहिणार आहे.