तांबड्या शाईतली नोंद

गेल्या पावसाळ्यात फोर्टमधल्या एका शासकीय कार्यालयाच्या अभिलेख कक्षाची तपासणी करण्यासाठी मी गेले होते. त्या कार्यालयाने जुन्या सेवापुस्तकांच्या (कर्मचाऱ्यांच्या नोकरीच्या नोंदवह्यांच्या) निर्लेखनाचा, म्हणजे ती कायमची नष्ट करण्याचा, प्रस्ताव पाठवला होता आणि कारणाच्या रकान्यात लिहिले होते, ‘सर्व अभिलेखांचे स्कॅनिंग पूर्ण झाले असल्याने मूळ कागदपत्रांची आवश्यकता उरलेली नाही.’ हे वाक्य अलीकडे माझ्यासमोर वारंवार येते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत पाच जणांचे प्राण गेले आणि असंख्य नस्त्या, म्हणजे कागदी फाइली, जळाल्या. त्या धक्क्यानंतर कागद संगणकावर घेण्याची निकड सर्वांनाच पटली आणि ते योग्यच झाले. मात्र स्कॅन केलेली प्रत पुढे कोण सांभाळणार, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी विचारलाच गेला नाही.

कक्ष तळमजल्यावर होता. भिंतींना ओल आली होती, पण मांडण्यांवरचे गठ्ठे कापडात नीट बांधलेले होते, कारण तेथील दप्तरी मामा दर उन्हाळ्यात ते स्वतः उघडून झटकत आणि कसर लागली आहे का ते पाहत. कार्यालय अधीक्षकांनी कपाटातून एक खोके काढले. त्यात बेचाळीस सीड्या होत्या.

“मॅडम, सगळं यात आहे. आता गठ्ठे गेले की ही खोली मोकळी होईल,” ते म्हणाले. जागेची अडचण खरी होती. बाहेरच्या व्हरांड्यात कर्मचारी दाटीवाटीने बसलेले मी पाहिले होते.

मी सोबत नेलेल्या लॅपटॉपवर एकेक सीडी लावायला सुरुवात केली. बेचाळीसपैकी नऊ उघडल्याच नाहीत. लिहिता येणाऱ्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या पातळ थरावर नोंदलेली असते आणि उष्ण, दमट हवेत तो थर हळूहळू खराब होतो. मुंबईच्या हवेत साध्या लोखंडी कपाटात ठेवलेल्या सीडीचे याहून वेगळे काय होणार? दुसरी प्रत कोठेही नव्हती. ज्या उघडल्या, त्यांतील फाइलींना नुसते क्रमांक होते, सूची नव्हती. चेकसम, म्हणजे फाइलीतील एक बिट जरी बदलला तरी वेगळा येणारा आणि म्हणून बिघाड पकडून देणारा आकडा, तोही कोणी काढून ठेवलेला नव्हता.

मग मी एक गठ्ठा सोडायला सांगितला आणि त्यातले मधलेच एक सेवापुस्तक घेऊन ते संगणकावर शोधले. पाऊण तासाने सापडले. जुन्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर इंग्रजी नमुन्यात नाव, ‘रेस’, वडिलांचे नाव, जन्मतारीख, उंची, ओळखीच्या खुणा आणि डाव्या हाताचे ठसे असतात. ‘रेस’च्या रकान्यात निळ्या-काळ्या शाईने ‘हिंदू’ लिहिले होते. कागदावर मात्र त्याच्या वर, तांबड्या शाईत, बारीक अक्षरात जात लिहिलेली होती आणि शेजारी अधिकाऱ्याची लघुस्वाक्षरी व १९५४ सालची तारीख होती. स्कॅनमध्ये ती जागा कोरी होती. काम कृष्णधवल पद्धतीने केले होते. फिकट झालेली तांबडी शाई पांढऱ्यातच जमा झाली होती.

मी पुस्तक आणि पडदा शेजारी शेजारी ठेवून पाहत असताना मामा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी नाव वाचले आणि म्हणाले, “मॅडम, यांचा नातू आला होता मार्चमध्ये. दोनदा आला. जातीचा पुरावा हवा होता त्याला. नोंद नाही असं लिहून दिलं आपण.”

राज्यात इतर मागासवर्गाच्या दाव्यांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे पाहिले जातात आणि अशा पुराव्यांना मोठे वजन असते. तो नातू त्याच पुराव्यासाठी आला होता. तो पुरावा याच खोलीत, मामांनी झटकलेल्या गठ्ठ्यात होता. स्कॅनिंग झाल्यावर गठ्ठे उघडू नयेत असा तोंडी आदेश असल्यामुळे लिपिकाने पडद्यावर पाहून उत्तर दिले होते. त्या लिपिकाला मी दोष देत नाही.

केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने संगणकावर तयार झालेल्या सामग्रीलाही अभिलेख मानले आहे. विहित पद्धत सोडून अभिलेख नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात आहे. आपल्या राज्याचाही असा स्वतंत्र कायदा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढेही वापरता येईल असा आणि मूळ माहिती अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात ठेवावा लागतो. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने डिजिटल जतनासाठी प्रणाली आणि मानके तयार केली आहेत. धोरण कागदावर चांगले आहे. पण येथील कंत्राटाचा दर प्रतिपान होता, पान वाचता येते की नाही हे ताडून पाहण्यासाठी त्यात एक रुपयाही नव्हता आणि पुढल्या वर्षी त्या फाइली नव्या माध्यमावर हलवण्याची जबाबदारी कोणाच्याही नावावर नव्हती. राज्य पुराभिलेखागारात सतराव्या शतकातील सुरतेच्या वखारीचे कागद आजही वाचता येतात, ते पिढ्यान्पिढ्या कोणीतरी सांभाळल्यामुळेच.

निर्लेखनाचा प्रस्ताव मी तिथेच बसून अमान्य केला आणि रंगीत पुनर्स्कॅनिंग, मुळाशी पानागणिक पडताळणी, वेगवेगळ्या ठिकाणी तीन प्रती व दरवर्षी चेकसमची तपासणी, असा शेरा नस्तीवर लिहिला. अधीक्षक काही वेळ गप्प राहिले. नंतर त्यांनी स्वतःच आवक नोंदवही मागवून मार्च महिन्याची पाने उलटली, नातवाचा अर्ज आणि पत्ता शोधला, आणि मूळ नोंद उपलब्ध असल्याचे व साक्षांकित प्रत देता येईल असे पत्र टंकलिखित करून घेतले. जावक क्रमांक पडला तेव्हा पावणेसहा वाजले होते. मामांनी पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पिशवी शर्टाच्या आत सरकवली आणि छत्री उघडून ते जीपीओकडे निघाले.