कार्ड मिळालं, पुढे काय?

धाकट्या मुलीचं युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, कसं काढलं, हे मला वाडीतल्या आणि पाहुण्यांतल्या बायका विचारतात. सांगते, पण कार्ड हा सगळ्यातला सोपा भाग. दवाखाना, शाळा आणि घर यांना एकमेकांशी बोलतं करणं हे खरं काम.

आम्ही पाटण तालुक्यात, मोरणा खोऱ्यात राहतो. धाकटी चालली उशिरा, बोलायला तर त्याहून उशीर. सासूबाईंचं एकच, "हिचा बाप बी असाच व्हता, बोलंल की!" अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. त्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि साताऱ्याला सिव्हिलला जायला सांगितलं. अंगणवाडीच्या ताई घरी येऊन सासूबाईंशी बोलल्या, म्हणून आम्ही निघालो तरी.

तिथे आधी कान तपासले. ऐकू येत नाही म्हणून बोलत नाही, असं असू शकतं. तसं नव्हतं. मग मानसशास्त्रज्ञ मॅडमनी तिच्याकडून चित्रं, ठोकळे करून घेतले आणि मला बसवून प्रश्न विचारले : हाताने जेवते का, चप्पल उलटी-सुलटी कळते का, शेजारच्या घरी एकटी जाऊन येते का. घरचं खरं सांगावं. पोरीची बाजू घ्यायची म्हणून "येतं की सगळं" म्हणणाऱ्या आया मी तिथेच बघितल्या. निदान आलं : बौद्धिक दिव्यांगत्व.

अर्ज स्वावलंबनच्या संकेतस्थळावर भरायचा, गावातला सेवा केंद्रवाला भरून देतो. त्याआधी आधार आणि जन्मदाखला शेजारी ठेवून नावाचं अक्षर न् अक्षर जुळवा. आमच्या आधारवर वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त होईपर्यंत अर्ज अडला. कार्डावर दिव्यांगत्वाच्या टक्क्यांप्रमाणे रंगाची पट्टी असते : ४० टक्क्यांच्या आत पांढरी, ४० पासून ८० च्या आत पिवळी, ८० पासून पुढे निळी. आमची पिवळी. लहान मुलांचं प्रमाणपत्र कायमचं नसतं, ठरावीक वयाला पुन्हा तपासणी असते, म्हणून जुने कागद फेकू नका.

कार्ड घेऊन जवळच्या एका खाजगी शाळेत गेलो, तर "अशांच्या वेगळ्या शाळा असतात की" असं ऐकवलं. तेव्हाच पाटणच्या गटसाधन केंद्रातल्या (शिक्षण खात्याचं तालुक्याचं केंद्र) विशेष शिक्षकांची गाठ पडली. सर म्हणाले, "वहिनी, २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. तिच्यासारख्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण. जवळची शाळा का विशेष शाळा, हे तुम्ही ठरवायचं." आम्ही जिल्हा परिषदेची निवडली, घरापासून चालत जाता येते म्हणून.

नाव दाखल झालं आणि पहिले काही महिने ती नुसती बसून असायची. वर्गाच्या बाई वाईट नव्हत्या, पण एकाच खोलीत दोन इयत्ता सांभाळायच्या. विशेष सरांकडे कितीतरी शाळा, ते नेमलेल्या वारी येणार, त्यात पावसाळ्यात रस्ता. सिव्हिलच्या मॅडमनी काय लिहिलंय हे बाईंना माहीत नाही, शाळेत काय चाललंय हे मला नाही. शेवटी मीच बाईंना म्हटलं, सर येतील त्या दिवशी आपण सगळे बसू.

बसलो. बाई, सर, मी, सासरे आणि पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी. मावशींना मी मुद्दाम बोलावलं, कारण पोरगी दिवसभर त्यांच्याच मागे. सरांनी वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याचा फॉर्म काढला. त्यात 'वस्तूंचे वर्गीकरण करते' अशी वाक्यं. सासरे म्हणाले, "सर, आमाला कळंल असं लिवा." मग लिहिलं ते असं : दहापर्यंत वस्तू मोजेल, लघवीला सांगून जाईल, दप्तर स्वतः भरेल. मोजायला घरी भुईमुगाच्या शेंगा, शाळेत ताटल्या. मावशी तिला म्हणणार, "पाच दे," आणि ती पाचच आणेपर्यंत पुढचं वाढायचं नाही. बाकीची पोरं भुकेली, त्यामुळे तीही तिला मोजायला मदत करू लागली. हे कुठल्या आराखड्यात नव्हतं.

आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, पाच जणांचा. गुड मॉर्निंग टाकायला बंदी. दप्तर भरतानाचा व्हिडिओ मी टाकते, सर खाली लिहितात पुढचं काय घ्यायचं. माझ्या मते सरकारी योजनांपेक्षा ह्या ग्रुपने जास्त केलं. योजनाही घ्याव्यात : समग्र शिक्षामधून दिव्यांग मुलींना महिन्याला २०० रुपये, वर्षाचे दहा महिने, त्यासाठी तिचं बँक खातं लागतं. निरामय हा आरोग्य विमा एक लाखापर्यंतचा आहे, पण तो सगळ्या दिव्यांगांना नाही. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता एवढ्यांनाच.

एक काळजी आहे. हे सगळं ज्या माणसांवर चाललंय त्यांची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आराखड्याची एक प्रत मी माझ्याकडे ठेवते. आता ती चौथीत आहे आणि आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला पलीकडच्या गावचं हायस्कूल. तिथल्या वर्गशिक्षकांना मार्चमधल्या बैठकीला बोलवायचं ठरलंय. ते हो म्हणालेत, फक्त मावशींना कशाला, असं विचारत होते. मावशी येणार आहेत.